कायद्यातील कलमांना नव्याने क्रमांक द्यावेत का?

चर्चाप्रस्ताव
1961 च्या आयकर अधिनियमात मुळात 298 कलमे होती. पुढे दरवर्षीच्या दुरुस्त्यांनी मधेमधे नवी कलमे घातली गेली आणि 115जेबी, 115बीएसी असे क्रमांक तयार झाले. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या अधिनियमात 536 कलमे सलग क्रमाने आहेत आणि टीडीएसच्या, म्हणजे उगमस्थानी करकपातीच्या, विखुरलेल्या बहुतेक तरतुदी कलम 393 मधील तक्त्यांत एकत्र आल्या आहेत. कायदा ज्याला पाळायचा आहे त्याला तो शोधताही आला पाहिजे; म्हणून असे फेरक्रमांकन ठरावीक काळाने व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1
मी फौजदारी वकिली करतो आणि या मताशी पूर्ण असहमत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तोच क्रमांक अटकपूर्व जामिनाला मिळाला आहे. भारतीय दंड संहितेतील खुनाचे 302 आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 103 झाले, आणि न्याय संहितेचे 302 धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दोच्चाराविषयी आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू असल्याने माझ्या टेबलावर दोन्ही पुस्तके उघडी असतात, आणि अर्जात कायद्याचे नाव लिहायचे राहिले तर नुसत्या क्रमांकावरून मागणी कोणती, हेच कळत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
आपली अडचण खरी आहे, पण ती जुनाच क्रमांक वेगळ्या विषयाला दिल्यामुळे आली आहे, सलग मांडणीमुळे नव्हे. शिवाय 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 8 नुसार, निरसित (रद्द झालेली) तरतूद नव्या कायद्यात पुन्हा आली असेल आणि वेगळा उद्देश दिसत नसेल, तर इतर कायद्यांतील जुने उल्लेख नव्या तरतुदीचे समजले जातात.

प्रतिसाद 2
कलम 8 कायद्यांतील उल्लेख सांभाळते. अनेक दशकांच्या निवाड्यांत आणि माणसांच्या स्मरणात रुजलेले क्रमांक ते कसे सांभाळणार? संविधानाकडे पाहा. मालमत्तेच्या हक्काचा अनुच्छेद 31 वगळला गेला, तरी 32 ला कोणी 31 केले नाही. शिक्षणाचा हक्क आला तो 21क म्हणून. क्रमांक हा पत्ता आहे, आणि शेजारी नवे घर उभे राहिले म्हणून कोणी साऱ्या गल्लीचे पत्ते बदलत नाही.

प्रस्तावकाचे उत्तर
संविधानाबाबत मला आपले म्हणणे मान्य आहे, कारण तिथे अनुच्छेदाचा क्रमांकच हक्काचे नाव होऊन बसला आहे. करकायद्याचे तसे नाही. गुंतवणुकीवरील वजावटीसाठी 80सी ऐवजी आता 123 पाहायचे, हे पगारदार माणूस एकदा शिकेल. पण 115 पुढची अक्षरे कुठे संपतात, हे त्याला कधीच उमगले नव्हते. मात्र जुन्या-नव्या कलमांचा तुलनातक्ता संसदेने अधिनियमालाच अनुसूची म्हणून जोडावा, हा बदल मी माझ्या प्रस्तावात करतो.

प्रतिसाद 1
तसा तक्ता जोडला, तर करकायद्यापुरता माझा विरोध राहणार नाही. फौजदारी कायद्यात मात्र तो पुरणार नाही, कारण तिथे एका आकड्याच्या गोंधळात एखाद्याचे स्वातंत्र्य अडकलेले असते.