नेत्याकडं काम केलं की नंतर पत्रकारितेत परत येता येतं का? (कुलदीप नय्यर वाचून डोकं फिरलंय)

हळदगल्ली:
नमस्कार मंडळी, मी सांगलीत एका छोट्या यूट्यूब न्यूज चॅनेलला रिपोर्टर आहे, दोन वर्षं झाली. रिपोर्टर म्हणजे बूम पण मीच धरते, एडिटिंग पण मीच करते आणि पगार विचारू नका. आता आमच्या भागातल्या एका नेत्याच्या ऑफिसातनं विचारणा आलीय, निवडणूक होईपर्यंत सोशल मीडिया सांभाळ, पैसे आत्ताच्या तिप्पट. घरचे म्हणतायत डोळे झाकून घे. कॉलेजमधल्या सरांना फोन केला तर म्हणाले, अगं कुलदीप नय्यर पण आधी लालबहादूर शास्त्रींचे माहिती अधिकारी होते, पुढं केवढे मोठे पत्रकार झाले, काय बिघडत नसतं.

म्हणून नय्यर वाचायला घेतले तर उलटंच झालं. २७ मे १९६४ ला नेहरू गेले, तोवर नय्यर सरकारी नोकरी सोडून युएनआय या वृत्तसंस्थेत आलेले, आणि लगेच त्यांनी बातमी सोडली की मोरारजी देसाई पंतप्रधानपदासाठी उतरलेत आणि शास्त्री मात्र काहीच बोलत नाहीयेत. लोकांना वाटलं काय माणूस आहे, अजून सुतक फिटलं नाही आणि हा खुर्चीसाठी उभा. मोरारजींच्या गोटात म्हणे असा हिशोब होता की या एका बातमीनं निदान १०० मतं गेली. झाले कोण पंतप्रधान तर शास्त्री, म्हणजे नय्यर यांचे जुने साहेब! मग हा माणूस पत्रकार होता का कार्यकर्ता? आणि मी ते काम घेतलं तर मला उद्या कोण विश्वासानं बघणार? प्लीज खरं सांगा, लेक्चर नको.

तासगाव_बेदाणा:
घे गं ताई. इथं सगळेच कुणाचे ना कुणाचे आहेत, फरक इतकाच की तुला पगार मिळेल आणि बाकीच्यांना पाकीट 😄

कराडकर७२:
लेक्चर नको म्हणालीस तरी थोडं होणार बघ पोरी, वय झालंय. मी कराडात ३१ वर्षं वार्ताहर होतो, पूर्णवेळ नव्हे, शाळेत नोकरी आणि सुटल्यावर बातमी, मानधन छापून आलेल्या बातमीच्या सेंटिमीटरवर. बातमी लिहायची, पाकिटात घालायची, पाकिटावर मोठ्ठ्या अक्षरात ‘बातमी – अर्जंट’ लिहायचं आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं, मग पुण्याच्या स्टँडवर पेपरचा पोऱ्या ते घेऊन जायचा. गाडी पंक्चर झाली की बातमी शिळी. फारच मोठं काही असलं तर ट्रंक कॉल लावून पोस्टात बसून राहायचं आणि लाइन लागली की ओरडून सांगायचं, अख्ख्या पोस्टाला बातमी आधी कळायची 😀

तर नय्यरांचं. ती बातमी खोटी होती का? नव्हती. मोरारजी खरंच उतरले होते, आणि नय्यर यांनी पुढं सांगितलंय की ती मोरारजींच्याच माणसाकडनं पक्की केली होती. म्हणजे खोटं काही नाही पण वेळ अशी की सत्यच सुरीसारखं लागलं. पुढं स्वतः नय्यरांनीच लिहून ठेवलंय की संसदेच्या पायऱ्या उतरताना काँग्रेसचे अध्यक्ष कामराज कानात थँक्यू म्हणाले तेव्हा आपल्या बातमीनं काय केलं ते त्यांना कळलं. आणि शास्त्रींनी घरी बोलावून सांगितलं, आता अशा बातम्या नकोत, निकाल जवळजवळ लागलाय. मला यात आवडतं काय तर हे त्यांनी लपवलं नाही. स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट स्वतःच छापली. नेत्याकडनं आलेले किती पत्रकार तू पाहिलेस जे सांगतात की त्या बातमीबद्दल मला अमक्यानं थँक्यू म्हटलं?

आणि आमच्या कराडला जवळची गोष्ट म्हणजे ताश्कंद. जानेवारी १९६६, पाकिस्तानशी करार करायला गेलेल्या शास्त्रींबरोबर आपले यशवंतराव चव्हाण पण होते, संरक्षणमंत्री म्हणून. नय्यरही तिथंच. रात्री एका रशियन बाईनं दार वाजवून सांगितलं, तुमचे पंतप्रधान मरणाच्या दारात आहेत. ते धावत गेले तर व्हरांड्यात रशियाचे पंतप्रधान कोसिगिन उभे, त्यांनी नुसते हात वर केले. आत एवढ्या मोठ्या पलंगावर शास्त्री लहानसे दिसत होते आणि ड्रेसिंग टेबलावर थर्मास उपडा पडलेला. आता बघ, हा माणूस शास्त्रींचा माणूस होता, त्याला दुःख झालंच असणार, पण डोळा थर्मासवर गेला. मी कराडात यशवंतरावांच्या घरावरनं, ‘विरंगुळा’वरनं, जाताना कधीकधी त्या रात्रीचा विचार करतो, आपल्या साहेबांनी त्या रात्री काय पाहिलं असेल आणि कुणाला सांगितलं असेल.

माण_खटाव:
काका मस्त. पण हिच्या प्रश्नाचं काय? नय्यर सरकारी खात्यात होते हो, पगार सरकारी तिजोरीतनं, साहेब बदलला तरी खुर्ची तीच, आधी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत मग शास्त्री. हिला जे विचारलंय ते नेत्याच्या खिशातलं काम आहे, निवडणुकीपुरतं. दोन्ही एक नव्हेत. सरांनी उदाहरण चुकीचं दिलं.

वकीलबाई_सातारा:
माण_खटाव बरोबर बोलतायत, तरी पण मी नय्यरांच्या बाजूनं एक सांगते कारण नुसत्या १९६४ वर माणूस तोलू नये. आणीबाणी लागल्यावर दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये शंभरएक पत्रकार जमवून सेन्सॉरशिपविरुद्ध ठरावावर सह्या घेणारा हाच माणूस. जुलै १९७५ मध्ये उचलला, मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, तिहारमध्ये टाकला. बायकोनं हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला सोडवायची याचिका, टाकली, आणि निकाल विरोधात जाणार असं दिसल्यावर सरकारनं आधीच सोडून दिलं. पण न्यायमूर्ती रंगराजन आणि अग्रवाल यांनी तरी निकाल दिला! त्याची किंमत त्यांनी भोगली, एकाची बदली गुवाहाटीला आणि दुसऱ्यांना परत सेशन्स कोर्टात. आमच्याकडं कोर्टात अजूनही ज्येष्ठ लोक हे उदाहरण देतात. आणि तुरुंगातनं आल्यावर नय्यर गप्प बसले नाहीत, १९७७ च्या जानेवारीत निवडणुका होणार ही बातमी सरकारनं जाहीर करायच्या आधी त्यांनी दिली. काँग्रेसच्या पंतप्रधानाचा जुना माहिती अधिकारी काँग्रेसच्याच पंतप्रधानाविरुद्ध उभा राहिला की नाही? ताई, तुझ्यापुढं तो प्रश्न आहे. उद्या याच नेत्याविरुद्ध बातमी आली तर चालवशील का?

तासगाव_बेदाणा:
वकीलबाई पण पुढं १९९० मध्ये लंडनला हाय कमिशनर झाले आणि १९९७ ला राज्यसभेत. म्हणजे तीनदा कुंपण ओलांडलं. एकदा सरकारात, मग राजदूत, मग खासदार. आमच्या टेंभूच्या आगरकरांसारखं नव्हे, केसरीत पटेना तर सोडला आणि १८८८ ला स्वतःचा सुधारक काढला, कर्ज अन् दमा घेऊन.

माण_खटाव:
बेदाणा, टेंभू तुमचं कधीपासनं झालं 😂 ते कराड तालुक्यात आहे, सातारा जिल्हा.

तासगाव_बेदाणा:
पाणी तर टेंभू योजनेचं आमच्याकडंच येतंय, मग आगरकर पण निम्मे आमचे!

हळदगल्ली:
हा हा. सगळ्यांचे आभार. वकीलबाईंचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. खरं सांगू का, मागच्या पावसाळ्यात याच नेत्याच्या माणसांनी पूरग्रस्तांच्या यादीत घोळ घातल्याची तक्रार आली होती माझ्याकडं, चार बायका कागद घेऊन आल्या होत्या. मी शूट केलं पण चॅनेलनं चालवलं नाही. ते फुटेज अजून माझ्या हार्डडिस्कवर आहे. आता मला शंका येतेय की ही ऑफर माझ्या रील्स बघून आलीय की त्या फुटेजमुळं.

कराडकर७२:
हे आधी सांगायचं होतंस की गं! आता उत्तर सोपं झालं. एक गोष्ट सांगतो. मला पण एकदा विचारलं होतं, १९८० च्या सुमारास, एका मोठ्या संस्थेच्या चेअरमननी. शाळेतली नोकरी कायम करतो, फक्त वार्षिक सभेत काय झालं ते आमच्या पद्धतीनं येऊ दे. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, त्या सभेला गेलोच नाही. तब्येतीचं कारण दिलं. बातमी दुसऱ्याच पेपरात आली, खुर्च्या फेकल्या, पोलीस आले, सगळं. नोकरी कायम झाली, आता मी पेन्शन घेतो. कुणी मला कधी विकला गेलास म्हटलं नाही, कारण मी काही लिहिलंच नव्हतं. पण कात्रणांच्या वहीत त्या आठवड्याचं पान कोरं आहे आणि नातू दरवेळी विचारतो आजोबा इथं काय होतं.

तू त्या हार्डडिस्कची एक कॉपी आजच कुणाकडं तरी दे. वकीलबाई जवळ आहेत, त्यांच्याकडं दे. ऑफरला काय उत्तर द्यायचं ते मग ठरव.

वकीलबाई_सातारा:
मेसेज केलाय ताई. रविवारी मी सांगलीला येतेय, गणपती मंदिराजवळ भेटू. त्या चार बायकांचे फोन नंबर आहेत ना तुझ्याकडं?

हळदगल्ली:
तिघींचे आहेत. चौथीचं घर माहितीय.