ब्लेकची 'अ पॉयझन ट्री': शेवटी तो खूश का होतो?

रात्रीचा_अभ्यास:
नमस्कार, मी एसवायला आहे, इंग्लिश स्पेशल. विल्यम ब्लेकची 'अ पॉयझन ट्री' आहे आम्हाला. अप्पा बळवंत चौकातून गाईड आणलं तर त्यात लिहिलंय की राग मनात दाबून ठेवू नये हा कवितेचा संदेश, झाड म्हणजे राग, सफरचंद म्हणजे रागाचं फळ, झालं. पण मी कितीही वेळा वाचली तरी शेवटाशी अडकते. सकाळी तो बघतो तर शत्रू झाडाखाली आडवा पडलेला आणि ह्याला आनंद होतो, 'ग्लॅड' हाच शब्द आहे तिथे. मग संदेश कुठे गेला? पश्चात्ताप तर कुठेच नाही. आणि तो शत्रू पण रात्री चोरूनच बागेत शिरला ना, मग चूक कोणाची धरायची? सफरचंद आहे म्हणून आदम-हव्वा आणायचे का उत्तरात? मार्कांचं नंतर बघू, मला खरंच समजून घ्यायचंय.

शाईपेन:
गाईड बाजूला ठेव आणि पेन्सिल घेऊन बस. पहिल्या कडव्यात सगळा मामला चार ओळींत संपतो, मित्रावर राग आला, बोललो, राग गेला, शत्रूवर आला, बोललो नाही, वाढला. राग दोघांवर सारखाच आहे, म्हणजे विष रागात नाहीये, न बोलण्यात आहे. आणि तो आधीपासून शत्रू होता की बोललो नाही म्हणून शत्रू झाला, हे कविता सांगत नाही, मला तर दुसरं जास्त खरं वाटतं.

आता गंमत बघ, राग हा शब्द पहिल्या कडव्यानंतर परत येतच नाही. पुढे नुसतं 'इट', त्याला पाणी घातलं, त्याला ऊन दाखवलं. आणि 'ट्री' हा शब्द शीर्षक सोडलं तर थेट शेवटच्या ओळीत येतो. म्हणजे झाड कधी झालं ते त्याचं त्यालाही कळलेलं नाही. आपण मराठीत रागाला खतपाणी घालणं म्हणतोच त्यामुळे ही प्रतिमा ओळखीची वाटते आणि आपण भरकन पुढे जातो, पण पाणी कशाचं आहे बघ, भीतीचं आणि डोळ्यांतलं, आणि ऊन आहे हसण्याचं. पोटात एक ओठात एक म्हणतो ना, ते ओठातलं गोड हसूच त्या झाडाचं ऊन झालंय. सात ओळी 'अँड'ने सुरू होतात, लहान मूल गोष्ट सांगताना आणि मग, आणि मग करतं तसं, इतक्या सरळ चालीत इतकी काळी गोष्ट.

रविवारपेठ:
आदम-हव्वा आण पण जपून. बायबलमध्ये फळाचं नाव नाहीये, सफरचंद नंतरच्या परंपरेतून आलं, ब्लेकच्या वाचकांना मात्र बाग, फळ आणि चोरी म्हटलं की तेच आठवणार. तिथे मोह घालतो सर्प, इथे बागेचा मालकच फळ चमकेपर्यंत वाढवतो आणि ते समोरच्याला दिसतंय हे त्याला माहीत असतं. चूक दोघांची आहे असं माझं मत, पण सापळा एकाचाच.

अजून एक, ब्लेकच्या वहीत ह्या कवितेचं नाव वेगळं होतं, 'ख्रिश्चन फॉरबेअरन्स', म्हणजे ख्रिस्ती सहनशीलता. 1794 च्या 'साँग्ज ऑफ एक्स्पिरियन्स' ह्या कवितासंग्रहात छापताना त्याने ते बदललं. राग गिळा, हसत राहा, सहन करा ह्या शिकवणीवरच त्याचा राग आहे, हे त्या जुन्या नावावरून लख्ख कळतं. आणि चित्र नक्की बघ. तो पेशाने एनग्रेव्हर, म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून छपाई करणारा, तांब्याच्या प्लेटवर अक्षरं उलटी आणि चित्र त्याच प्लेटवर, छापून वर हाताने रंग. झाडाखाली माणूस हात पसरून उताणा पडलेला दिसतो. मी आर्टला असताना एचिंग, म्हणजे ॲसिडने प्लेट कोरायचं काम, केलंय, ॲसिडमधून प्लेट काढेपर्यंत जीव टांगणीला असतो, त्यामुळे हा माणूस एकेका पानाला किती वेळ देत असेल ते मला कळतं.

कोथरूडची_काकू:
मी काही साहित्याची नाही, कविता आजच शोधून वाचली आणि दुपारभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. सासूबाईंचं तीन वर्षं सगळं मी केलं, त्या गेल्यावर पाटल्या जावेकडे गेल्या. मी हसून म्हणाले, असू देत तुमच्याकडेच. त्यानंतर नऊ वर्षं दर संक्रांतीला तिळगूळ दिला, चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं डब्यातून पाठवलं, एक शब्द वाकडा नाही. मग तिच्या मुलाचं वर्ष गेलं. फोन आला तेव्हा मी ओट्याशी गवार मोडत होते, तोंडाने म्हणाले अगं बाई, असं कसं झालं, आणि आत काहीतरी गार झालं गं. बरं वाटलं मला. लेकरासारखा पोर तो, माझ्या मांडीवर वाढलेला. गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले. तू विचारतेस तो शब्द मला माहीत आहे, बेटा. तो माणूस खोटं बोलत नाहीये.

शाईपेन:
काकू, तुम्ही लिहिलंत ते कुठल्याच गाईडमध्ये मिळणार नाही. आणि बघ, सगळी कविता भूतकाळात चालते, फक्त तिथेच वर्तमानकाळ येतो, 'ग्लॅड आय सी'. फळ खाल्लं, मेला, हे कुठेच लिहिलेलं नाही, रात्र आणि सकाळ ह्यांच्यामधलं सगळं गाळलंय. समोर फक्त पडलेला माणूस आणि बघणाऱ्याचा आनंद, आणि कवी त्याला तिथेच उभा ठेवून निघून जातो. आपल्याला जे चरकायला होतं ते त्याला हवंच होतं, म्हणून संदेश त्याने लिहिला नाही.

रात्रीचा_अभ्यास:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना. मी उत्तर 'इट'पासून सुरू करणार आणि काळ बदलतो तिथे थांबणार, वहीतलं जुनं नाव मध्ये घेते. काकू, विचारू का नको कळत नाहीये, पण तुम्ही नंतर त्यांच्याशी बोललात का?

कोथरूडची_काकू:
पाटल्यांचं नाही अजून. त्या पोराला मात्र दुसऱ्याच दिवशी घरी जेवायला बोलावलं होतं, त्याच्या आवडीची भरली वांगी केली, तो जेवला आणि मला बघवेना. जाऊ ह्या रविवारी येतेय. डबा नाही देणार ह्या वेळी, समोर बसवून बोलणार आहे, हात थरथरतायत आत्तापासून.