मदत हवी आहे : कापरेकर संख्येत वर्ग नेमका कुठे तोडायचा?

देवळालीच्या कापरेकर सरांच्या संख्यांवर मुलांसाठी छोटा तक्ता करतोय, १० लाखांपर्यंतचा. संख्येचा वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, बेरीज परत तीच संख्या. म्हणजे ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३. इथपर्यंत सोप्पंय.

पायथॉनमध्ये लिहिलं तेव्हा उजवा तुकडा मूळ संख्येइतक्याच अंकांचा धरला, ९, ४५, ५५, ९९, २९७ सगळे बरोबर आले, पण एका यादीत ४८७९ नि ५२९२ पण आहेत, माझ्याकडे नाहीत, दुसऱ्या यादीतही नाहीत! हाताने केलं तर २३८ + ०४६४१ = ४८७९ येतं खरं, पण उजवीकडे पाच अंक, तेही शून्याने सुरू. उजवीकडे नुसती शून्यं चालत नाहीत हे माहितीये, नाहीतर १०, १०० पण घुसतील.

मग सगळीकडे तोडून बघितलं तर माझा जुना लॅपटॉप रडतो. वर्गातून संख्या वजा केली की उत्तराला ९९...९ ने भाग जातो (४८७९ ला ९९९९९ ने) एवढं सापडलंय, पुढे अडलोय. मोठ्या लायब्ररी नकोत, मुलांना कोड समजला पाहिजे.

तर मूळ व्याख्या कुठली धरायची, आणि कुठेही तोडायला परवानगी देणारी (४८७९ घेणारी) धरली तर या भागाकारावरून सगळ्या संख्या थेट कशा काढायच्या?