मदत हवी आहे: काकांच्या कार्डवरनं दर महिन्याला कुठल्यातरी सॉफ्टवेअरचे पैसे जातायत, कशाचे तेच कळेना

नमस्कार मंडळी. उद्यमनगरात काकांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, बिलं, जीएसटी, बँक एवढं मी बघतो. काकांच्या क्रेडिट कार्डला दर महिन्याच्या मध्याला एक एंट्री पडत्येय आणि ती कशाची हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. गेल्या महिन्याचं स्टेटमेंट समोर आहे, पहिली ओळ २,०३१ रुपये, तिच्याखाली ७१.०९ आणि त्याच्याखाली १२.८०. नाव म्हणाल तर आधी कुठलीतरी परदेशी कंपनी, मग एक चांदणी (*), मग चार-पाच अक्षरं आणि तिथंच तुटलंय. गूगलवर टाकलं तर निम्मे लोक फ्रॉड म्हणत्यात, निम्मे नाही म्हणत्यात.

मला खटकतंय ते हे, की रक्कम दर महिन्याला दहा-वीस रुपयांनी वेगळी असते. सबस्क्रिप्शन असतं तर ठरलेली असती ना? आणि ओटीपी पण येत नाही. काका म्हणतात कार्डच ब्लॉक करून टाक, पण लाईटबिल, फास्टॅग सगळं त्याच कार्डाला जोडलंय. ऑफिसचा कॉम्प्युटर मी, चुलतभाऊ आणि आमचा ड्राफ्ट्समन असे तिघं वापरायचो, तो ड्राफ्ट्समन दिवाळीनंतर गोकुळ शिरगावला एमआयडीसीत लागला. काय करू?

शाहूपुरीचा_बाळू: भावा विचार कसला करतोयस, १९३० ला फोन लाव आणि कार्ड बंद कर आधी.

रंकाळा_कट्टा: बाळू थांब जरा. १९३० सायबर फ्रॉडसाठी आहे, हे फ्रॉड वाटत नाही. त्या तीन ओळीच बघ की. ७१.०९ म्हणजे २,०३१ चे बरोबर साडेतीन टक्के, हा बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो आकार. १२.८० हा त्या मार्कअपवरचा १८ टक्के जीएसटी. म्हणजे मूळ बिल डॉलरमध्ये आहे, आणि डॉलर हलला की रक्कम हलणारच. डॉलर ८६ च्या आसपास धरला तर २,०३१ चे साडेतेवीस डॉलर होतात, त्यातनं मूळ किमतीवर लावलेला १८ टक्के कर काढला की राहिले वीस. महिना वीस डॉलरचं काहीतरी आहे.

नावाचं सांगतो. चांदणीच्या आधी असतो तो पैसे गोळा करणारा आणि नंतर असतं ते सॉफ्टवेअर. बरेच छोटे सॉफ्टवेअरवाले स्वतः बिल करतच नाहीत, पॅडल, फास्टस्प्रिंग असल्या कंपन्या त्यांच्या वतीनं विकतात, त्यामुळं आपण घेतलेल्या वस्तूचं नाव स्टेटमेंटवर धड दिसत नाही. अशांच्या साईटवर खरेदी शोधायची सोय असते का बघ, पॅडलच्या साईटवर तरी ईमेल किंवा कार्डाचे शेवटचे आकडे टाकून शोधता येतं.

ओटीपीचं म्हणशील तर रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचा आहे, पहिल्यांदा मँडेट (कार्डावरनं ठरावीक काळानं आपोआप पैसे कापायची परवानगी) करताना ओटीपी लागतो, नंतर १५,००० पर्यंत लागत नाही. पण पैसे कापायच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवावं लागतं, कुणाला किती जाणार ते त्यात लिहिलेलं असतं. तो मेसेज कुणाच्या फोनवर येतो?

धागाकर्ता: काकांच्या. आणि काका मेसेज उघडत नाहीत, आत्ता बघितलं तर लोनच्या ऑफरच्या ढिगाऱ्यात दर महिन्याचा एक मेसेज पडलाय, सॉफ्टवेअरच्या पूर्ण नावासकट! पीडीएफचं डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडमध्ये उघडते ती ड्रॉइंगची फाईल) करून देणारं आहे. ड्राफ्ट्समनला लगेच फोन लावला, तो म्हणाला, "होय की दादा, ते पुण्याच्या पार्टीनं नुसत्या पीडीएफ ड्रॉइंग पाठवल्या नव्हत्या का, तेव्हा ट्रायल घेतलंवतं, काकांनीच ओटीपी सांगितला." त्याच्या जाण्याआधीच सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल पण झालंय म्हणे, मग पैसे कसे जात्यात?

रंकाळा_कट्टा: अनइन्स्टॉलनं फक्त कॉम्प्युटरवरनं जातं, सबस्क्रिप्शन त्यांच्याकडं चालूच राहतं. मोबाईलच्या ॲपचं पण तेच. त्याच्या ईमेलनं लॉगिन करून कॅन्सल करायला लाव आणि रद्द झाल्याचा मेल तुझ्याकडं फॉरवर्ड करून घे, तोंडी "केलं" म्हणाला तर सोडू नको. शिवाय बँकेच्या ॲपमध्ये कार्डाखाली ई-मँडेट दिसेल, तिथनं तेवढंच बंद कर, लाईटबिलाला धक्का लागत नाही.

मंगळवार_पेठ: बँकेत डिस्प्यूट टाकून मागचे पण वसूल करा की सगळे.

रंकाळा_कट्टा: ओटीपी काकांनी स्वतः दिलाय, बँक पहिलं तेच दाखवणार. त्यापेक्षा विकणाऱ्याला सरळ मेल टाक, वापर नाही, माणूस सोडून गेलाय, शेवटच्या महिन्याचे तरी परत द्या म्हणून. कधीकधी देतात.

आणि जाता जाता एक, असलं काही पुढं लागलंच तर घेतानाच वर्कशॉपचा जीएसटी नंबर टाक. नंबर नसला की परदेशी कंपनी तुम्हाला साधं गिऱ्हाईक धरून १८ टक्के जीएसटी लावते आणि त्याचं क्रेडिट (आपल्या जीएसटीतनं वजावट) मिळत नाही. नंबर दिला की ती लावत नाही, आपण आरसीएमनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं कर भरायच्या पद्धतीनं, भरायचे आणि क्रेडिट घ्यायचं. तुमच्या सीएला विचारून घे.

धागाकर्ता: मँडेट बंद केलं, रद्द झाल्याचा मेल रात्री येतोय म्हणाला ड्राफ्ट्समन. काकांना सांगितलं तर म्हणतात, मग ते सॉफ्टवेअर परत टाक, पैसे गेलेच आहेत तर महिना संपेपर्यंत वापरू.