पेरूतील अँटिऑक्सिडंट नेमके कोणते?

प्रश्न: पेरू अँटिऑक्सिडंटांनी, म्हणजे पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणाऱ्या द्रव्यांनी, समृद्ध आहे असे नेहमी वाचनात येते, परंतु ते घटक कोणते आणि गुलाबी गराचा पेरू पांढऱ्यापेक्षा सरस असतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: पेरूची खरी श्रीमंती क जीवनसत्त्वात आहे. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २२८ मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या चौपट असते, आणि त्यामुळे जेवणासोबत पेरू खाल्ल्यास वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. गुलाबी रंग लायकोपीनचा, टोमॅटोला लाली देणारे द्रव्य तेच. तेवढ्यापुरता गुलाबी पेरू सरस. एरवी पांढराही उत्तमच.

प्रतिसाद २: साल मात्र काढू नये, ही माझी कळकळीची विनंती. क जीवनसत्त्व सालीत व तिच्या लगतच्या गरात अधिक असते. चिरलेली फोड हवेत तपकिरी पडते, तेव्हा तिच्यातील फिनॉल द्रव्यांचेच (हीही अँटिऑक्सिडंटच) ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग, होत असते. म्हणून फळ ऐनवेळी चिरावे.

प्रश्नकर्ती: आभार. मधुमेहींनी रस घ्यावा का?

प्रतिसाद १: गाळलेला रस टाळावा, कारण चोथ्याबरोबर तंतू निघून जातात आणि साखर झपाट्याने रक्तात उतरते, अख्खे फळ बेताने खावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, पोटॅशियममुळे, आधी डॉक्टरांना विचारावे.