घोकंपट्टीपेक्षा बायोडेटाच नीट वाचून जाऊ दे

ताई, भाच्याचा केमिकल डिप्लोमा झालाय आणि पुढच्या आठवड्यात पहिलाच इंटरव्ह्यू आहे, त्याची तयारी कशी करून घ्यावी असं तुम्ही विचारलंय. तर कुणीतरी सुचवलेली शंभर प्रश्नोत्तरं त्याला घोकायला लावू नका. इथे बडोद्यात समोर बहुतेकदा प्लांटमधलीच माणसं बसतात. ती बायोडेटातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवतात.

‘ट्रेनिंगमध्ये सेंट्रिफ्यूगल पंप पाहिला’ असं लिहिलंय? मग कागद पुढे येतो, काढून दाखव. सक्शन, म्हणजे द्रव आत येण्याची बाजू, कुठे? द्रव उलटा येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला? आणि पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज आला तर काय करशील? ‘कॅव्हिटेशन’ एवढा शब्द टाकून भागत नाही. सक्शनला दाब कमी पडला की द्रवाची तिथेच वाफ होते, त्या वाफेचे बुडबुडे फुटून इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाला, खड्डे पडतात. म्हणून आधी स्ट्रेनर (गाळणी) तुंबलाय का, टाकीतली पातळी उतरलीय का ते बघायचं. हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता यायलाच हवं.

कंपनी काय बनवते तेही माहीत हवं. जीएसएफसी या इथल्या खत-रसायन कंपनीत जायचं तर अमोनिया, युरिया, कॅप्रोलॅक्टम (नायलॉनचा कच्चा माल) आलंच, आणि अमोनिया गळला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचं, हेही.

इंग्रजीची धास्ती आपल्या मुलांना फार. रोज संध्याकाळी तुमच्यासमोर मोठ्याने बोलू दे. अडला तर हिंदीत, गुजरातीत पुरं करू दे, पण उत्तर अर्धवट सोडू देऊ नका. मुलाखत मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) असेल तर आदल्या दिवशी गेट बघून या.