घरी ठेवायला गाडीचे पाने कोणते घेऊ?

दिग्रसकर: माझी जुनी स्प्लेंडर आहे. राहतो शेतात. पावसाळ्यात चेन वाजते, ब्रेक ढिला होतो, अन् एवढ्याशा कामासाठी गाडी तालुक्याला न्यावी लागते. अख्खी दुपार जाते. सोयाबीन निघायच्या आधी घरचेच पाने घ्यावे म्हणतो. ऑनलाइन ४६ नगांचा डबा स्वस्त दिसून राहिला. घेऊ का?

गॅरेजवाला भाऊ: नोका घेऊ. त्यातल्या गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंतच राह्यते. चेन ताणाले मागच्या चाकाचा नट ढिला करा लागते, अन् थो त्याहून मोठा. म्हणजे ज्या चेनसाठी डबा घेता, थेच काम होत नाही! गोटी फिरवायचा दांडा, रॅचेट, थेही पाव इंची, जोर देला का आतले दाते गेले.

सुटे रिंग पाने घ्या. १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ असे जोडीनं भेटते. नाशकाची टपारिया चांगली. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाले दोनच बाजूनं धरते, गंजलेला नट गोल करून ठेवते. अन् दुकानात जायच्या आधी चेनच्या बाजूनं नीट पाहा. चाकाच्या नटाच्या आत आणखी एक मोठा नट राह्यते, थो ढिला केल्याबिगर चाक मागं सरकतच नाही. त्याचं माप घेऊन जा. लोक हाच पाना इसरते, अन् मंग छिन्नी-हातोडी घेऊन बसते. असे छिन्नीनं खाल्लेले नट आमच्याकडे रोज येते.

पेचकसावर पैसे वाचवू नोका. स्प्लेंडर १९९४ मध्ये हिरो होंडानं काढली, मूळ काम जपानी. कार्बोरेटरच्या प्लसच्या पेचाच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला, तर थो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा. आपला नेहमीचा पेचकस त्यात पुरता बसत नाही, वर उसळते अन् खाच खाऊन टाकते. जेआयएस टोकाचा एक मागवून घ्या.

मास्तर, पुसद: डबा अगदीच टाकाऊ नाही हो. बॅटरीचे, साइड पॅनलचे बारीक बोल्ट त्यानेच पटकन निघतात. पण पहिली खरेदी ती नव्हे, हे खरं.

दिग्रसकर: मोठ्या नटाचं ध्यानातच नव्हतं. आज मोजतो. प्लग पाना गाडीसोबत आलेलाच चालेल ना?

गॅरेजवाला भाऊ: चालते, बावा. फक्त प्लग आधी बोटानं फिरवून बसवा, पाना मागाहून. हेड अॅल्युमिनियमचं आहे, तिरपा घुसला का आटे गेले. ऑइलच्या बोल्टचंही तसंच, पाय देऊन कसू नोका. चेन ताणली का दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या का पाहजा, नाही तं चाक वाकडं चालते अन् टायर एका बाजूनं घासते.

दिग्रसकर: हाव. बाजाराच्या दिवशी यवतमाळला जातो, तिथूनच आणतो.